कापूसपट्ट्यातील चैत्र-सफाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्यात घराच्या मोठ्या साफसफाईचे दोन हंगाम असतात; एक दसरा-दिवाळीपूर्वीचा आणि दुसरा फाल्गुन सरताना, गुढीपाडव्याच्या आगेमागे येणारा. पहिल्या हंगामाला सणाची शोभा लाभते. आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या दृष्टीने मात्र दुसरा हंगाम अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण याच सुमारास सालगड्याचे जुने साल संपून नवे सुरू होते, कापसाची वेचणी आटोपलेली असते, पावसाळ्यातील फवारणीच्या उरलेल्या बाटल्या छपरीत किंवा माळ्यावर तशाच पडून असतात, वर्षाचे धान्य कोठीत भरायचे असते आणि आठ-नऊ महिने कोपऱ्यात धूळ खात पडलेला कूलर पुन्हा खिडकीला लावायचा असतो. या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे घर एकाच वेळी निवास, कोठार आणि अवजारांची खोली अशा तिन्ही भूमिका पार पाडते; त्यामुळे तेथील सफाईचे मोजमाप भिंतींच्या चकाकीवरून करता येत नाही. विष, ओल, आग, वीज आणि रोगवाहक जीव हे धोके माणसांच्या वावरापासून दूर गेले की नाही, हीच त्या सफाईची खरी कसोटी होय. या कसोटीवर पुढील प्रचलित समजुती तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज १ : घर चकचकीत झाले आणि फिनेलचा वास दरवळला, की ते निर्जंतुक झाले.

वस्तुस्थिती : सुगंध हा द्रावणात मिसळलेल्या गंधद्रव्याचा गुण आहे, जंतू मेल्याचा तो पुरावा नाही. स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण या दोन वेगळ्या क्रिया असून त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी साबण किंवा धुण्याची पावडर वापरून मळ, तेलकटपणा आणि धूळ काढावी लागते आणि त्यानंतरच जंतुनाशक लावावे लागते, कारण क्लोरीनयुक्त द्रावण मळाशी संयोग पावून तेथेच खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय जंतुनाशकाला काम करण्यासाठी वेळ लागतो. पृष्ठभाग सुमारे दहा मिनिटे ओला राहिला तरच त्याचा उपयोग होतो, लगेच पुसून काढल्यास होत नाही. कोरड्या खराट्याने जोराने झाडल्यावर उडालेली बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि दमा असलेल्या व्यक्तीला तिचा त्रास होतो. म्हणून जळमटे काढताना नाकातोंडावर कापड बांधावे, काम छतापासून जमिनीकडे करत यावे, जमिनीवर आधी पाणी शिंपडावे किंवा ओले फडके फिरवावे आणि दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात.

गैरसमज २ : फवारणीचे औषध माळ्यावर ठेवले की काळजी मिटली आणि रिकामी बाटली धुतली की ती घरात वापरता येते.

वस्तुस्थिती : हा या यादीतील सर्वांत घातक गैरसमज आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत कीटकनाशकांच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय या रुग्णांच्या उपचाराचे मुख्य केंद्र बनले आणि राज्य सरकारला चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. विष प्यायल्यानेच बाधा होते असे नाही, ते कातडीवाटे आणि श्वासावाटेही शरीरात शिरते, ही गोष्ट त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रासमोर आली. त्या घटनेची चर्चा बहुतांशी शेतातील फवारणीपुरती राहिली. परंतु त्याच विषाचा उरलेला अंश बाटलीत, पंपाच्या नळीत आणि फवारणीच्या कपड्यांत घरापर्यंत येतो, याकडे तितकेसे लक्ष गेले नाही.

कापसावर वापरल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांचा समावेश ऑर्गॅनोफॉस्फेट या गटात होतो. मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना मिळालेला संदेश संपवण्याचे काम शरीरात ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, करत असते. ही कीटकनाशके त्या विकराला निकामी करतात. त्यामुळे संदेश थांबत नाहीत, लाळ, अश्रू आणि घाम वाहू लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडखळतो. लहान मुलाचे वजन कमी असल्यामुळे मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारी मात्राही त्याच्या जिवावर बेतू शकते.

विषाची तीव्रता ओळखण्यासाठी अक्षरओळख असलीच पाहिजे असे नाही. प्रत्येक बाटलीच्या लेबलवर कोपऱ्यावर उभी केलेली एक चौकोनी खूण असते आणि तिचा खालचा अर्धा त्रिकोण रंगीत असतो. लाल रंग अत्यंत तीव्र विष, पिवळा तीव्र विष, निळा मध्यम आणि हिरवा तुलनेने सौम्य विष दर्शवतो. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक द्रव्य, असा अर्थ मात्र काढता येत नाही. सफाईच्या दिवशी घरातील प्रत्येक बाटली उजेडात आणून हा त्रिकोण आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. लेबल निघालेली किंवा दुसऱ्याच बाटलीत ओतून ठेवलेली द्रव्ये सर्वाधिक धोक्याची समजावीत, कारण शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरलेले विष तहानलेला माणूस पाणी समजून पितो.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ मध्ये झालेल्या नियमांनुसार कीटकनाशके खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात, तसेच वापरलेली वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून उघड्यावर न टाकता फोडून वस्तीपासून दूर पुरावी लागतात. प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेले विष धुण्याने पूर्णपणे निघत नाही. म्हणून अशा रिकाम्या बाटलीत किंवा डब्यात तेल, रॉकेल किंवा पिण्याचे पाणी भरणे सर्वथा वर्ज्य मानावे. फवारणी करतानाच बाटली तीनदा खंगाळून ते पाणी पंपात ओतावे आणि मग तळाला भोक पाडून ती निरुपयोगी करावी. बाटल्या चुलीत किंवा परसदारी जाळल्यास विषारी धूर घरातच पसरतो. फवारणीचे कपडे इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत आणि पंप स्वयंपाकघराच्या किंवा झोपण्याच्या जागेच्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

गैरसमज ३ : चुकून विष किंवा रॉकेल पोटात गेले, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवावी.

वस्तुस्थिती : घरगुती उपायाने उलटी करवणे धोक्याचे आहे. रॉकेल उलटीवाटे वर येताना फुप्फुसात शिरले तर गंभीर न्यूमोनिया होतो. आम्ल किंवा क्षार असलेली द्रव्ये अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतात आणि बेशुद्ध पडत चाललेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत अडकते. योग्य कृती साधी आहे. बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे, विष लागलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, तिला डाव्या कुशीवर निजवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली लेबलसह रुग्णालयात न्यावी. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा हातमोजे घालावेत. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेवर ॲट्रोपिनसारखे औषध उपलब्ध आहे, तर काही विषांना उतारा नाही. त्यामुळे कोणते द्रव्य पोटात गेले हे डॉक्टरांना लगेच कळणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो.

गैरसमज ४ : भाव येईपर्यंत कापूस घरात आणि पऱ्हाट्या अंगणात ठेवण्यात गैर काहीच नाही.

वस्तुस्थिती : भाव पडलेला असताना कापूस राखून ठेवणे ही शेतकऱ्याची आर्थिक निकड असते आणि तिचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही, परंतु माणसे झोपतात त्याच खोलीत कापसाची गंजी राहिल्याने होणारे परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे. सरकीत दडलेल्या किडींवर आणि त्यांच्या अळ्यांवर जगणारे माइट नावाचे जीव कोळ्यांच्या कुळातील असून डोळ्यांना सहज दिसत नाहीत. ते माणसालाही चावतात, त्यामुळे पोट, पाठ आणि हातांवर खाजरे पुरळ उठते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कापूस साठवलेल्या घरांतून खाजेच्या तक्रारी येऊ लागतात. कापसाची धूळ सतत श्वासावाटे घेणाऱ्या गिरणी-कामगारांमध्ये बिसिनोसिस नावाचा फुप्फुसांचा विकार आढळतो. घरातील धुळीचे प्रमाण गिरणीइतके नसले, तरी दम्याच्या रुग्णाला आणि लहान मुलाला तिचा उपद्रव होतोच.

दुसरा धोका आगीचा. कापसाच्या गंजीत पडलेली ठिणगी वरून दिसत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते आणि विझली असे वाटत असतानाच काही वेळाने पेट घेते. म्हणून देवघरातील समई, विडी, मच्छर अगरबत्ती आणि उघड्या जोडाची वायर या चारही गोष्टी कापसाच्या खोलीत येता कामा नयेत. कापूस घरात ठेवणे अटळच असेल तर त्यासाठी वेगळी खोली राखावी, तो जमिनीला न लावता फळ्यांवर रचावा, झोपण्याची जागा दुसरीकडे हलवावी आणि खोली रिकामी झाल्यावर तिचे कोपरे झाडून तो केर घरापासून दूर नष्ट करावा.

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जळणासाठी रचलेला ढीग ही घराच्या आरोग्याची आणि पुढील पिकाची समाईक अडचण आहे. गुलाबी बोंडअळी सरकीत, सुकलेल्या बोंडांत आणि अशा ढिगांत सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून, तग धरते आणि पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. विषबाधेच्या त्याच २०१७ सालाच्या हंगामात या अळीने विदर्भाचा कापूस उद्ध्वस्त केला होता. त्याच ढिगात उंदीर बिळे करतात आणि उंदरांच्या मागावर साप येतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेले पीक, टाळणे आणि पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून खतात मुरवणे हा शेतीचा सल्ला म्हणूनच घराच्या सुरक्षिततेलाही लागू पडतो.

गैरसमज ५ : कार्बोलिक ॲसिड किंवा फिनेल शिंपडले की साप आणि विंचू घरात येत नाहीत.

वस्तुस्थिती : अशा द्रव्यांनी साप दूर राहतात याला भरवशाचा आधार नाही; कार्बोलिक ॲसिडने माणसाची कातडी मात्र निश्चित भाजते. साप निवारा आणि भक्ष्य यांच्या शोधात येतो; म्हणून उंदीर, सांडलेले धान्य, विटांचे ढीग, भिंतीच्या भेगा आणि मोरीची उघडी तोंडे यांचा बंदोबस्त हाच खरा उपाय होय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याचा दंश फारसा दुखत नसल्याने झोपेतच जीव जाऊ शकतो. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे यामुळे डास आणि साप दोघांपासून संरक्षण मिळते. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू होतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातून पुढे आला आहे. विंचवाच्या बाबतीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसीन या गोळीचा उपयोग सिद्ध केला, त्यातून असंख्य जीव वाचले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंत्राने उतरलेला विंचू बहुधा मुळातच सौम्य विषाचा असतो. तीव्र विषाच्या दंशात मांत्रिकाकडे गेलेला तास रुग्णाला परत मिळत नाही.

गैरसमज ६ : धान्याच्या कोठीत विषारी गोळ्या टाकून झाकण लावले की वर्षभराची निश्चिंती.

वस्तुस्थिती : सल्फास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते आणि हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यातून फॉस्फीन हा अतिविषारी वायू निघतो. गोदामात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरण्याचे हे द्रव्य असल्यामुळे त्याच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत. घरातील कोठी वायू बाहेर पडणार नाही इतकी घट्ट नसते; तो वायू झोपण्याच्या खोलीत साचल्यास सारे कुटुंब बळी पडू शकते आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. चैत्र-वैशाखाचे कडक ऊन हाच धान्याचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक रक्षक आहे. दाताखाली दाणा कटकन फुटेल इतका, म्हणजे ओलावा सुमारे १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरेल असा, वाळवावा, ऊन लागलेले धान्य थंड होऊ द्यावे आणि आतून घासून वाळवलेल्या कोठीत भरावे.

गैरसमज ७ : कूलरचे पाणी वरचेवर भरत राहिले आणि रात्री अगरबत्ती लावली की डासांचा प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि गटारापेक्षा स्वच्छ, साचलेल्या पाण्याला पसंती देतो. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला, अंडी चिकटवते. कूलरची टाकी तिरपी करून उजेडात पाहिल्यास कडेला काळ्या ठिपक्यांची बारीक ओळ दिसते, तीच ही अंडी. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. याचा अर्थ असा की मागच्या मोसमात नुसता ओतून रिकामा केलेला कूलर या उन्हाळ्यात पहिल्याच भरणीला डास निर्माण करू शकतो. म्हणून जुने गवत किंवा वूडवूल काढून नष्ट करावे आणि टाकीच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने घासून धुवाव्यात. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात सुमारे आठवडाच लागत असल्याने त्यानंतरही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी; आरोग्य विभाग पाळावयास सांगतो तो कोरडा दिवस हाच. रांजण, फ्रीजमागील पाण्याचा ट्रे आणि जुने टायर यांनाही हाच नियम लागू आहे. बंद खोलीत लावलेल्या एका मच्छर कॉईलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असू शकतात, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले होते; त्यामुळे कॉईलपेक्षा मच्छरदाणी केव्हाही श्रेयस्कर.

कूलरचा दुसरा धोका विजेचा आहे. पत्र्याचे शरीर, पाणी, ओला हात आणि जीर्ण वायर हे सारे त्यात एकत्र येते. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नसते, प्लग काढावा लागतो, कारण चुकीच्या जोडणीत बटण बंद असूनही पत्र्यात प्रवाह उतरू शकतो. हंगामापूर्वी अर्थिंग, म्हणजे गळती झालेला प्रवाह जमिनीत नेणारी तार, तपासून घ्यावी आणि शक्य असल्यास ३० मिलिॲम्पिअर गळतीलाच वीज तोडणारे आरसीसीबी नावाचे उपकरण बसवावे.

गैरसमज ८ : दोन क्लीनर एकत्र केल्यास दुप्पट सफाई होते.

वस्तुस्थिती : ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा हायपोक्लोराइटच्या द्रावणात संडास-सफाईचे आम्ल मिसळल्यास क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करतो, अमोनियायुक्त द्रव्याशी मिसळल्यासही विषारी वायू तयार होतात. एका वेळी एकच द्रव्य वापरावे, ते भरपूर पाण्याने धुऊन काढावे आणि दार उघडे ठेवावे. ग्रामपंचायतीत टीसीएल या नावाने ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर हवा, ऊन आणि ओल लागल्यास आपली शक्ती गमावते; त्यामुळे उघड्या पिशवीतील जुनी पावडर विहिरीत किंवा टाकीत टाकून मिळणारे समाधान खोटे ठरते.

गैरसमज ९ : शेणाने सारवलेली जमीन आणि उकळलेले पाणी सर्व दोषांपासून मुक्त असते.

वस्तुस्थिती : सारवणाने मातीची धूळ दबते आणि भेगा बुजतात, हा त्याचा खरा उपयोग आहे, परंतु ताज्या शेणात आतड्यांतील जंतू आणि धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असू शकतात. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत ताजे सारवण टाळावे, नवजात बाळाच्या नाळेला शेण किंवा राख कधीही लावू नये आणि सारवल्यानंतर हात साबणाने धुवावेत. पाण्याबाबतची समजूतही अशीच अपुरी आहे. उकळल्याने जंतू मरतात. परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक गावांतील भूजलात आढळणारे फ्लोराइड उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, आणि क्लोरीननेही ते नाहीसे होत नाही. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. दातांवर तपकिरी पट्टे दिसणाऱ्या गावांत टाकी धुण्याबरोबरच स्रोताची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

या सर्व वस्तुस्थितींतून सफाईचा एक क्रम निष्पन्न होतो. सर्वप्रथम विष वेगळे करून कुलपात ठेवावे, त्यानंतर कापूस आणि जळण माणसांच्या वावरापासून दूर करावे, मग वीज आणि पाणी तपासावे आणि झाडणे, धुणे, रंगवणे ही कामे सर्वांत शेवटी करावीत. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो आणि रंग देऊन दमलेल्या हातांकडून माळ्यावरची बाटली तशीच राहून जाते. हे काम एकट्या गृहिणीवर सोडण्याजोगेही नाही. औषधाच्या बाटल्या, पंप, वायरिंग आणि पऱ्हाट्यांचा ढीग ही घरातील पुरुषांची जबाबदारी आहे आणि रिकाम्या बाटल्या गोळा करण्याची सामुदायिक सोय ही ग्रामसभेची. या पाडव्याला गुढी उभारण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने माळा, छपरी आणि कूलरची टाकी या तीन जागा आवर्जून पाहाव्यात आणि प्रत्येक ग्रामसभेने वापरलेल्या बाटल्यांची विल्हेवाट हा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.